रविवारची जांभई

रविवारी दुपारी पावणेदोन वाजता कमलाकर उतेकरांनी जांभई दिली, आणि ती त्यांना परत घेता आली नाही.

जांभई तशी साधीच होती. सकाळपासून आरशासमोर उभं राहून दोन वेळा भाषणाचा सराव, मग कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, वर चार घास भात, आणि मग खिडकीखालची आरामखुर्ची. अशा दुपारी माणूस जांभई देणारच. पण ही जांभई नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त पसरली, कानांच्या पुढे काहीतरी कट्‌कन सरकलं, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कमलाकरांनी हनुवटी तळहाताने वर ढकलून पाहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तोंड मिटलं नाही.

"आऽऽ," ते म्हणाले.

"अहो, झोपा आता थोडा वेळ," कालिंदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ते 'आदरणीय' सकाळपासून शंभरदा ऐकलंय मी."

"आऽऽ. आ आऽ."

"आणि एवढं लांबवू नका. माइकवर गाय हंबरल्यासारखं वाटतं ते."

कमलाकर उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. कालिंदीबाईंनी वळून पाहिलं, हातातली कढई ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "हसताय का रडताय?"

कमलाकरांनी फ्रीजवरची दूधवाल्याची वही ओढली आणि पेन्सिलीने लिहिलं: 'जांभई देत असता जबडा निखळला आहे. प्रयत्न करूनही मिटत नाही. सबब तात्काळ कार्यवाही व्हावी.'

कालिंदीबाईंनी ते दोनदा वाचलं. "खाली मी सही करू का?" त्यांनी विचारलं, आणि मग नवऱ्याच्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ पाहून पदराने पुसली. तेव्हा कुठे त्या खऱ्या घाबरल्या.

घाबरण्यासारखं होतंच, कारण दिवस साधा नव्हता. कमलाकर उतेकरांनी महाडच्या कोर्टात चौतीस वर्षं काढली होती. पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यातून चोविसाव्या वर्षी आले ते पट्टेवाला म्हणून. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा, हे पहिलं काम. आवाज असा की समोरच्या टपरीवर चहा पिणारा आरोपी कप टाकून धावत यायचा. पुढे खात्याच्या परीक्षा देत देत ते कारकून झाले आणि निवृत्त झाले ते अधीक्षक म्हणून. या सगळ्याचा त्यांना अभिमान होता. पण तो सगळा अभिमान दीड महिन्यापूर्वी एका फटक्यात जुना झाला, कारण त्यांची एकुलती एक मुलगी इरावती न्यायाधीश झाली. कमलाकर नुसतं 'न्यायाधीश' म्हणत नसत. 'दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर तथा न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग' असं पूर्ण म्हणत, मग समोर भाजीवाली का असेना.

आज संध्याकाळी पाच वाजता पोलादपूरला तिचा सत्कार होता. खोऱ्यातल्या गावांनी मिळून सभागृह घेतलं होतं. निमंत्रणपत्रिकेत 'मुलीच्या वडिलांचं मनोगत' असं छापलं होतं, आणि त्यासाठी कमलाकरांनी शाईच्या पेनाने अकरा पानं लिहिली होती. एकेकाळी रोज दुसऱ्यांची नावं पुकारलेल्या माणसाला आज आपल्या लेकीचं नाव पुकारायचं होतं. आणि तोंडातून फक्त 'आ' येत होता.

"सरकारी दवाखान्यात जाऊ, चला," कालिंदीबाई म्हणाल्या. "तो उघडा असतो."

कमलाकरांनी मान जोरात हलवली आणि लिहिलं: 'तेथे सर्व लोक मला ओळखतात.'

"ओळखतात म्हणून तर लवकर बघतील."

'या अवस्थेत नको,' कमलाकरांनी लिहिलं आणि 'नको'खाली दोन रेघा मारल्या.

घरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर देवव्रत तीस वर्षांचे स्नेही. ते पुण्याला भाचीच्या लग्नात होते आणि मागे बँड वाजत होता. "काय? गबडा? कोणाचा गबडा?" एवढं विचारून ते वरातीत वाहून गेले.

तेवढ्यात अश्विन आला. अश्विन शेजारच्याच गल्लीतला, पंधरा वर्षं मुंबईत टॅक्सी चालवून परत आलेला, आता स्वतःची इको गाडी भाड्याने देणारा. त्याला तीनला बोलावलं होतं, तो सव्वादोनलाच आला होता. त्याने कमलाकरांकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

"काका, ये क्या हो गया?" तो म्हणाला. "टेन्शन नाय घ्यायचं. महाडात डॉक्टरांची काय कमी हाय? सेटिंग लावतो."

कालिंदीबाईंनी कोविडच्या वेळचा एक मास्क शोधून नवऱ्याच्या तोंडावर चढवला. उघड्या तोंडावर तो बसेना. हनुवटीखालून सुटला की नाकावर चढे. शेवटी त्यावर मफलर गुंडाळला. फेब्रुवारीतल्या दुपारी, उन्हात, मफलर गुंडाळून कमलाकर गाडीत बसले. मांडीवर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये भाषण होतं. ते त्यांनी कालिंदीबाईंच्याही हाती दिलं नाही. गाडी सुटताच त्यांनी ते फोल्डरमधून बाहेर काढलं आणि पहिल्या पानावर हात ठेवून बसले, जसं काही भाषणच पळून जाणार होतं.

पहिला दवाखाना दातांचा. पाटीवर लिहिलं होतं: 'सकाळी दहा ते एक, सायंकाळी सहा ते नऊ, रविवारी बंद. तातडीच्या प्रसंगी खालील क्रमांकावर संपर्क साधावा.' खालील क्रमांकाचा शेवटचा आकडा गेल्या पावसाळ्याने नेला होता.

"दहाच तर आकडे हायत," अश्विन म्हणाला, आणि शून्यापासून सुरुवात केली. शून्यावर कोणी उचललं नाही. एकवर एका बाईंनी उचलून 'हफ्ता भरलाय आम्ही' असं सांगून ठेवून दिला. दोनवर कोंबड्यांची पिल्लं विकणारा निघाला. त्याच्याशी अश्विनचं तीन मिनिटं बोलणं झालं, कारण पिल्लांचा भाव बरा होता. मग वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"डॉक्टर झोपलेत. काय होतंय? दात दुखतोय?"

"दात नाही हो, जबडा सरकलाय," कालिंदीबाई खालून म्हणाल्या.

"मग ते हाडाचं काम. हाडांच्या डॉक्टरांकडे जा," बाई म्हणाल्या आणि खिडकी मिटली. खिडकी किती सहज मिटते, हे कमलाकरांनी हेव्याने पाहिलं.

हाडांच्या दवाखान्यात निदान माणूस होतं. काउंटरवर बसलेल्या बाईंनी मोबाइलवरून नजर वर केली. "फ्रॅक्चर आहे का? पडले का कुठे?"

"नाही. जांभई दिली."

बाईंनी थोडा वेळ विचार केला. "जांभईचं आमच्याकडे नसतं. डॉक्टर तसे इमर्जन्सीला येतात, पण हात-पाय असेल तर. तोंडाच्या आतलं म्हणजे दातांच्यात येतं."

"दातांच्यात म्हणाले हाडांच्यात येतं."

"मग कान-नाक-घसा बघा. ते मंगळवारी येतात."

कमलाकर मफलरच्या आत अस्वस्थ झाले. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं. 'हे आमच्या कोर्टात येत नाही, बाजूच्या खिडकीवर विचारा,' हे वाक्य त्यांनी स्वतः किती वेळा म्हटलं असेल याची गणती नव्हती. शिवथरहून आलेल्या एका म्हातारीला त्यांनी पाच मिनिटं उशीर झाला म्हणून निकालाची नक्कल दिली नव्हती, ती नेमकी आत्ता आठवली. त्यांनी वही मागितली आणि काउंटरवर लिहून ठेवलं: 'जबडा कोणाच्या हद्दीत येतो हे लेखी कळवावे.'

काउंटरवरच्या बाईंनी ते वाचून शांतपणे सांगितलं, "लेखी सोमवारी."

गाडीत परत येईपर्यंत तीन वाजून गेले होते. कालिंदीबाईंनी पदर खोचला. एरवी त्या नवऱ्याच्या शब्दाबाहेर जात नसत, मुख्यतः त्या शब्दांमधून बाहेर पडायला जागाच नसायची म्हणून. आज जागा होती.

"अश्विन, गाडी पोलादपूरला घे. तिथल्या सरकारी दवाखान्यात. नाहीतरी पाचला तिथेच पोचायचंय."

कमलाकरांनी वहीसाठी हात पुढे केला.

"वही मिळणार नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "आत्ता तुम्ही अर्जदार नाही, मुद्देमाल आहात. गप्प बसा."

अश्विनने आरशातून पाहिलं. काकांनी हात मागे घेतला होता.

महामार्गाला लागल्यावर गाडी पळाली. कमलाकर खिडकीबाहेर पाहत होते. समोर पोलादपूरचे डोंगर जवळ येत होते. त्या डोंगरातल्या आंबेनळी घाटातून याच वेळी इरा साताऱ्याहून खाली उतरत असणार. घाटात रेंज नाही, म्हणजे तिला काही कळवताही येणार नाही. ती सभागृहात येऊन पाहील तर वडील असे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी मान खाली घातली, तसं मास्कमध्ये साठलेलं सगळं लाळेचं पाणी भाषणाच्या पानांवर पडलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते अजूनही मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणत होते.

पोलादपूरच्या दवाखान्यात बाकावर चार-पाच माणसं होती. त्यातल्या दोघांनी मफलरसकट कमलाकरांना ओळखलं आणि एकाने लेकीबद्दल अभिनंदनही केलं. कमलाकरांनी हात जोडले. आत तपासणीच्या खोलीत पंचविशीतली, त्यांच्या खांद्यालाही न लागणारी एक मुलगी उभी होती. गळ्यात स्टेथोस्कोप होता. टेबलावरच्या पाटीवर डॉ. स्नेहल असं लिहिलं होतं.

तिने मफलर काढला, मास्क काढला, कानांपुढे दोन बोटं ठेवून चाचपलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"पावणेदोनपासून," कालिंदीबाई म्हणाल्या.

कमलाकरांनी टेबलावरचा एक कागद घेऊन त्यावर लिहिलं आणि बायकोपुढे धरलं. कालिंदीबाईंनी वाचलं. लिहिलं होतं: 'मोठे डॉक्टर कोठे आहेत?' त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"काय म्हणतायत?" डॉ. स्नेहलने विचारलं.

"धन्यवाद म्हणतायत," कालिंदीबाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "उद्या आपल्या इराला कोणी कोर्टात विचारलं, मोठे साहेब कुठे आहेत, तर?"

कमलाकरांचे कान लाल झाले.

डॉ. स्नेहलने एक बुटकं स्टूल भिंतीला टेकवलं आणि त्यावर त्यांना बसवलं. सिस्टरने दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं. डॉक्टरने हातमोजे घातले आणि दोन्ही अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळायला सुरुवात केली.

"ही कशाला?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"जबडा बसतो तेव्हा तोंड फाडकन मिटतं, काकू. अंगठे माझेच आहेत."

"याआधी केलंय का गं तू हे?"

"दोनदा. एकदा एक आजोबा होते, ते भजनात लांब तान घेताना अडकले होते. अख्खी मंडळी टाळांसकट आली होती." तिने अंगठे खालच्या दाढांवर ठेवले. "काका, मान सैल सोडा. मी खाली आणि मागे दाबणार आहे."

तिने दाबलं. कमलाकरांची मान दोरीसारखी ताठ झाली. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दोघांनाही घाम फुटला.

"काका, तुम्ही माझ्याशी लढताय," ती म्हणाली. "काकू, तुम्ही काहीतरी बोला. यांचं लक्ष दुसरीकडे गेलं पाहिजे."

"मी काय बोलू? मला सवय नाही. आमच्या घरात बोलायचं खातं यांच्याकडे आहे."

"काहीही सांगा. मुलं काय करतात?"

"एकच मुलगी. जज झाली."

कमलाकरांच्या घशातून 'आआऽ' असा आवाज आला. पूर्ण हुद्दा राहिला होता.

"वा. अवघड असते ना ती परीक्षा?" डॉ. स्नेहलने अंगठे जागेवर ठेवले.

"फार. पहिल्या वेळी नापास झाली. तेव्हा हे आठ दिवस जेवले नाहीत धड. म्हणून मग दुसऱ्या वेळी नापास झाली ते यांना आम्ही सांगितलंच नाही."

कमलाकरांचे डोळे बायकोकडे वळले.

"म्हणजे?" डॉ. स्नेहल म्हणाली.

"मुलाखतीत बाद झाली होती ती. रात्रभर रडली फोनवर. म्हणाली, आई, मी सोडते हे, पण बाबांना नको सांगू. यांनी तर आधीच कोर्टाच्या कॅंटीनमध्ये पेढ्यांचं बोलून ठेवलेलं. मी म्हटलं, सोडायचं तर सोड, पण उद्या सकाळी. रात्री काही सोडू नये. सकाळी तिला परत फोन केला, तर म्हणाली पुस्तक उघडलंय. यांना सांगितलं, निकाल लांबलाय. वर्षभर हे लोकांना सांगत फिरत होते, सरकारी काम आहे, निकाल प्रलंबित आहे."

कमलाकर उतेकर बायकोकडे पाहत राहिले. छत्तीस वर्षांच्या संसारात ते इतके चकित कधी झाले नव्हते. वर्षभर. त्यांच्या घरात. त्यांच्या नाकाखाली. मानेतला ताठा, खांद्यातला ताठा, सगळा एकदम गळून पडला. डॉ. स्नेहलने तेवढाच क्षण साधला. कट्‌ असा आवाज झाला, आणि तोंड मिटलं.

"बसला," डॉ. स्नेहल म्हणाली आणि आपले दोन्ही अंगठे मोजून पाहिले.

हनुवटीखालून डोक्यावरून अशी जाड पट्टी तिने बांधली आणि टाळूवर गाठ मारली. आठ दिवस पट्टी, पातळ खाणं, तोंड मोठं उघडायचं नाही, जांभई आली तर हनुवटीला मूठ लावायची, आणि बोलणं बंद.

"भाषण," कमलाकर दातांतून पुटपुटले.

"काका, आज तुम्ही नुसतं 'आदरणीय' म्हणालात तरी परत इथेच याल. आणि संध्याकाळी ड्यूटीवर येणाऱ्या सरांचे अंगठे माझ्या दुप्पट आहेत."

कमलाकरांनी हात जोडले. मग काही आठवल्यासारखं करून तिच्या टेबलावरचा कागद घेतला आणि लिहिलं: 'डॉक्टर मॅडम, आपण फार मोठ्या आहात.' ही चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली.

सभागृह भरलं होतं. दारातच कोंडाजी उभा होता, कमलाकरांचा चुलतभाऊ, गावाकडची शेती बघणारा आणि आजच्या सगळ्या कार्यक्रमाचा धनी. डोक्यावर कोरी टोपी होती. त्याने दादाची पट्टी बघितली आणि टोपी काढून हातात घेतली.

"वयनी, दादाला काय झालं गो? डोकं फुटलं काय?"

"डोकं शाबूत आहे. जांभई दिली," कालिंदीबाई म्हणाल्या.

इरावती नुकतीच घाट उतरून आली होती. ती धावत आली, बाबांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आईकडून सगळं ऐकलं, आणि मग बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली. कमलाकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एक वर्ष लपवलेलं त्यांना आता विचारायचं होतं, रागवायचं होतं, आणि दुसरंही काहीतरी सांगायचं होतं. पण बोलणं बंद होतं. ते नुसतंच थोपटत राहिले, आणि तिला बहुधा तेच पुरलं.

"पण आता मनोगताचं काय करायचं?" कोंडाजी म्हणाला. "पत्रिकेत छापलेलं हाय. तुमची हरकत नसंल तर मी बोलतो. तसं धरणाचं पन थोडं बोलायचं हाय मला."

कोंडाजीचं थोडं म्हणजे पाऊण तास, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. कमलाकरांनी मान हलवली. फोल्डर उघडलं, अकरा पानं न बघताच बाहेर काढली आणि कालिंदीबाईंच्या हातात दिली.

"मी?" कालिंदीबाई म्हणाल्या. "मी आयुष्यात माइकला हात लावला नाही."

कमलाकरांनी पानं त्यांच्याकडे आणखी पुढे सरकवली.

सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. मग मनोगतासाठी नाव पुकारलं गेलं. कालिंदीबाई माइकपुढे उभ्या राहिल्या, चष्मा चढवला आणि पानं उघडली. अकराच्या अकरा पानांवर निळ्या शाईचे ढग पसरले होते. मधूनच एखादं 'आदरणीय' तरंगताना दिसत होतं. बाकी सगळं वाहून गेलं होतं.

त्यांनी पानं खाली ठेवली.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "यांनी खूप लिहिलं होतं, पण ते भिजलं. यांना बोलायला बंदी आहे. म्हणून मी आलेय. मला फार येत नाही."

सभागृहात हसू पसरलं. त्या थांबल्या, आणि मग आपल्या घरात शेजारणीला सांगावं तशा बोलू लागल्या.

"इरा पाच वर्षांची होती. यांचा डबा घरी राहिला म्हणून मी तिला घेऊन कोर्टात गेले. तेव्हा हे दारात उभं राहून नावं पुकारायचे. जजसाहेब आले, तसे सगळे उठून उभे राहिले. ही मला म्हणाली, आई, सगळे उभे का राहिले? मी म्हटलं, साहेब आले की उभं राहायचं असतं. मग साहेब बसले, सगळे बसले, पण हे उभेच. ही म्हणाली, बाबा का नाही बसत? मी म्हटलं, बाबांचं कामच उभं राहायचं आहे. ती म्हणाली, मग ते बसतात कधी? मी म्हटलं, घरी आल्यावर."

कालिंदीबाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"पुढे यांना खुर्ची मिळाली. ती यांनी स्वतः मिळवली. पण साहेब आले की उठायचे ते उठायचेच. चौतीस वर्षं. आता इरा कोर्टात येईल तेव्हा लोक उठतील. वकील उठतील, पोलीस उठतील. आमचं एवढंच म्हणणं आहे की तिने त्यांना फार वेळ उभं ठेवू नये. दुपारची वेळ असली, कोणी लांबून चालत आलेलं असलं, तर आधी बसा म्हणावं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आणि हे आता निवृत्त झालेत. यांना कोणासाठी उठायची गरज नाही."

एवढं म्हणून त्या थांबल्या.

व्यासपीठावर बसलेले कमलाकर उतेकर हळूच उठून उभे राहिले. डोक्यावर पट्टीची गाठ, छाती पुढे, दोन्ही हात बाजूला सरळ, जसे ते पट्टेवाला असताना कोर्टाच्या दारात उभे राहायचे तसे. ते कोणासाठी उठले, लेकीसाठी का बायकोसाठी, हे त्यांना विचारलं असतं तरी त्या क्षणी सांगता आलं नसतं.

मुलीचे वडील उठले हे पाहून पहिली रांग उठली. पहिली उठली म्हणून दुसरी उठली. सगळं सभागृह सावधान उभं राहिलेलं पाहून कोपऱ्यातल्या माइकवाल्याने ओळखलं की कार्यक्रम संपला, आणि त्याने राष्ट्रगीत लावलं.

राष्ट्रगीत लागल्यावर कोणी हलायचं नसतं. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे भाषणाची सोळा पानं हातात धरून सावधान उभे होते. कोंडाजीच्या पोटात धरणाचा सगळा विषय तसाच होता. बाहेर वडेवाल्याची कढई अजून तापलीसुद्धा नव्हती. बावन्न सेकंदांनी राष्ट्रगीत संपलं, आणि लोक इतक्या आनंदाने टाळ्या वाजवत बाहेर पडले की पाहुण्यांना 'माझं राहिलं' असं म्हणायची सोय उरली नाही.

"पावणेसहालाच कार्यक्रम उरकला," कोंडाजी दारात प्रत्येकाला सांगत होता. "पोलादपुरात असं कधी घडलं नाय. आमच्या वयनीनी उरकला."

परतीच्या वाटेवर महाडपर्यंत कालिंदीबाई बोलत होत्या. इराच्या खोलीचं भाडं वाढलं ते, तिने आजारपण लपवलं ते, निकालाच्या दिवशी ती पहिला फोन कोणाला करणार यावर दोघींनी काय ठरवलं ते. अश्विन मधूनमधून 'सही बात है काकी' म्हणत होता. कमलाकर ऐकत होते. मध्ये बोलायची सवय दोनदा ओठांपर्यंत आली, पण पट्टी घट्ट होती. आणि दासगावचा फाटा ओलांडून आपण महाडच्या पुढे आलोय हे तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही, म्हणून गाडी परत वळवावी लागली.

आठ दिवसांनी डॉ. स्नेहलने पट्टी सोडली. बोला, पण हळू, असं सांगितलं. कमलाकर घरी येऊन आरामखुर्चीत बसले. आठ दिवसांनी मिळालेला आवाज कशावर खर्च करावा याचा ते विचार करत होते, तेवढ्यात फोन वाजला. फोन उचलल्यावर एरवी ते 'कमलाकर उतेकर, निवृत्त अधीक्षक, दिवाणी न्यायालय, महाड' असं पूर्ण सांगत आणि मग पलीकडच्याला बोलू देत.

"हॅलो," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "उतेकर काकू आहेत का? आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन आहे. सगळ्यांचं म्हणणं पडलं, या वेळी भाषणाला त्याच हव्यात. आपण कोण बोलताय?"

कमलाकरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कालिंदीबाई कसलीतरी फोडणी घालत होत्या. कमलाकरांनी हनुवटीला मूठ लावली, खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले, आणि आठ दिवसांतलं पहिलं वाक्य सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून उच्चारलं.

"मी कालिंदीबाईंचा नवरा बोलतोय."